मराठी मातीतला ख्रिस्तभक्त : रेव्हरंड ना. वा. टिळक

मित्रांनो, टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पुणेरी पगडी, केसरी, मंडालेचा तुरुंग... पण त्याच काळात मराठीत आणखी एक टिळक होऊन गेले. त्यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पुस्तकात झालेली आहे. जखमी झालेली पक्षीण पिलांसाठी जिवाच्या आकांताने घरट्याकडे निघते, ती कविता आठवते ना? वर्गात ती वाचताना भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कवीच्या नावापुढे रेव्हरंड असं लिहिलेलं असायचं. पण ते तिथे कसं आलं, त्यासाठी त्या माणसाला काय मोजावं लागलं, हे मात्र परीक्षेला नसल्यामुळे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे!

आपण राहतो त्या भागाचं आणि या माणसाचं एक गमतीशीर नातं आहे. आपल्या शहापूर तालुक्यातून जाणारी रेल्वे कल्याणहून कसारा घाट चढून नाशिकला जाते. मुरबाडवरून जाणारा रस्ता माळशेज घाट चढून नगरकडे जातो. टिळकांचं बालपण गेलं कल्याणला, तरुणपण घडलं नाशिकला आणि आयुष्याचं मोठं काम झालं नगरला. म्हणजे शनिवारी घरी पळताना आपण ज्या दोन वाटा धरतो, त्यांच्याच टोकांना या माणसाचं आयुष्य पसरलेलं आहे.

जन्म आणि भटकंती

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. वडील वामनराव कडक स्वभावाचे, तर आई जानकीबाई मायाळू, भाविक आणि कवितेची आवड असलेली. नारायणाला कवितेचा नाद लागला तो आईमुळेच. पण ही माया फार दिवस लाभली नाही. तो लहान असतानाच आई गेली. त्यानंतर घरात मन रमेना, तेव्हा हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शाळेत दोन वर्षे काढली आणि मग पोटासाठी शिक्षण सोडून दिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉपआउट!

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशी त्यांचं लग्न झालं. तिचं वय होतं अवघं अकरा-बारा. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. याच पुढे मराठीतल्या थोर लेखिका लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या माहेरी सोवळं इतकं कडक होतं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

टिळकांचा स्वभाव कसा होता? एका जागी टिकायचं नाही, हातात पैसा ठरायचा नाही, कुणी दुःखी दिसला की स्वतःच्या घरातलं उचलून द्यायचं, राग आला तर तो नाकावर आणि गेला तर क्षणात. शिक्षकी केली, भिक्षुकी केली, छापखान्यात खिळे जुळवले. या गावातून त्या गावात त्यांचा संसार फिरत राहिला. बायको कधी बरोबर, तर बऱ्याचदा माहेरी किंवा नातेवाइकांकडे. पुढे १८९१ च्या सुमारास ते नागपूरला गेले. तिथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं काम मिळालं. वक्ता आणि कवी म्हणून नाव होऊ लागलं. सगळं मार्गी लागल्यासारखं दिसत होतं, पण मनात मात्र वेगळंच वादळ चालू होतं.

रेल्वेच्या डब्यातली भेट

त्या काळच्या अनेक विचारी तरुणांसारखं टिळकांनाही जातिभेद आणि कर्मकांड यांचं ओझं झालं होतं. देव सर्वांचा बाप असेल तर माणसं एकमेकांची भावंडं का नाहीत, हा त्यांचा साधा प्रश्न होता. या पायावर एखादा नवा धर्मच काढावा, असंही त्यांच्या मनात घोळत होतं. असा हा अस्वस्थ माणूस १८९३ मध्ये कामाच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाला. आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक परदेशी मिशनरी भेटले. संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना वॉर्डसाहेबांनी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि ते तिथेच थबकले. शत्रूवरही प्रेम करायला सांगणारी ती वाणी त्यांच्या सगळ्या प्रश्नांना हात घालत होती.

आता तुम्ही म्हणाल, पुस्तक आवडलं, ठीक आहे. गीता आवडते म्हणून कुणी जर्मन माणूस हिंदू होतो का? आवडतं ते घ्यावं आणि आपण आहोत तिथे राहावं. टिळकांच्या अनेक मित्रांचंही हेच म्हणणं होतं. पण मनाला एक पटायचं आणि घरात दुसरंच करायचं, हे टिळकांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वॉर्डसाहेबांची दोन वर्षांची मुदत जवळजवळ तंतोतंत खरी ठरली.

किंमत कोणी मोजली?

इथपर्यंतची गोष्ट एका धाडसी माणसाची वाटते. पण थांबा. टिळकांनी हा निर्णय एकट्याने घेतला होता. सव्वीस वर्षांची बायको आणि तीन-चार वर्षांचा मुलगा दत्तू यांचं काय? त्या काळी ब्राह्मण घरातला पुरुष ख्रिस्ती झाला म्हणजे तो जिवंतपणी मेला. बायको ना सधवा ना विधवा! लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. नातेवाइकांनी त्यांना सांभाळलं. पंढरपूरला, नाशिकला असे दिवस निघाले. नवरा दुसरं लग्न करणार अशा कंड्याही त्यांच्या कानावर आल्या. टिळकांची पत्रं येत राहिली, भेटी झाल्या, रडारड झाली, भांडणं झाली. जवळजवळ पाच वर्षे हे दोघे वेगळे राहिले.

मला वाटतं, टिळकांचं चरित्र लिहिणाऱ्याने हा भाग झटपट उरकू नये. एका माणसाच्या सत्याच्या शोधाचं भाडं त्याच्या घरातल्या बाईने भरलं, हे नाकारून चालणार नाही. टिळक मोठे होते, पण घरच्यांना विश्वासात न घेता घेतलेला तो निर्णय त्यांच्या मोठेपणात बसत नाही. त्यातही एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवी. एकत्र आल्यावर त्यांनी बायकोवर धर्म लादला नाही. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या हिंदू म्हणूनच. वेगळं सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी. मिशनच्या आवारात, ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात एक ब्राह्मण बाई आपलं सोवळं सांभाळून राहत होती आणि नवरा ते चालू देत होता. आजही किती घरांत हे जमेल?

मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातच प्रश्न उभे राहिले. देवाने माणूस केला, मग जाती कुणी केल्या? ज्या घरात मीठसुद्धा विचार करून आत यायचं त्या घरची ही लेक स्वतःच्या विचाराने सोवळ्यातून बाहेर पडली. कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागली. आधी जात सुटली आणि मग धर्म बदलला, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नगरला प्लेग आला तेव्हा हीच बाई छावणीत जाऊन रोग्यांची सेवा करत होती.

नगरची मंडळी

अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ पासून आणि नगरला १८३१ पासून काम चालवलं होतं. टिळक नगरला आले तेव्हा तिथे शाळा होत्या, पाळक तयार करणारं विद्यालय होतं आणि खेड्यापाड्यांतून लहान लहान मंडळ्या होत्या. ख्रिस्ती लोक एका गावातल्या आपल्या समाजाला मंडळी म्हणतात. किती छान शब्द आहे! आपण घरच्या माणसांना मंडळी म्हणतो, जेवायला बसताना चला मंडळी म्हणतो, तोच हा शब्द.

पण या मंडळीसमोर दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली म्हणजे तिच्यातले बहुतेक लोक तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात लगेच धुऊन निघत नाही. पूर्वीच्या जातींच्या रेषा प्रार्थनामंदिराच्या आतही पुसट का होईना, दिसायच्या. दुसरी अडचण म्हणजे धर्म बदलला की माणूस आपल्या गावाला, सणाला, गाण्याला परका व्हायचा. उपासनेत म्हणायची बरीचशी गाणी इंग्रजी गीतांची भाषांतरं, चालीही परदेशी. विचार करा, ज्या आजीने जन्मभर जात्यावर ओव्या म्हटल्या, तिने अचानक विलायती चालीवर देवाला आळवायचं! शब्द कळले तरी काळजाला भिडणार कसे?

टिळकांनी दोन्ही अडचणींना हात घातला. ते विद्यालयात शिकवत, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, राहुरीच्या बाजूला खेड्यांतून ते हिंडले. दीनदुबळ्यांच्या झोपडीत बसून जेवायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. आणि गाण्यांचं तर विचारूच नका. अभंग, ओवी, पदं, भजनं... जे जे मराठी माणसाच्या कानात रुळलेलं होतं, ते सगळं त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी आणून ठेवलं. मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात त्यांची शंभराच्या वर गीतं आहेत आणि ती आजही रविवारी म्हटली जातात. टाळ, मृदंग, पेटी, कीर्तन यांना उपासनेत त्यांनी मानाची जागा मिळवून दिली. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते मोकळेपणाने सांगत. धर्म बदलल्यावर जुन्यावर थुंकायचं असतं, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

तसं पाहिलं तर हा प्रयोग मराठीत अगदी पहिला नव्हे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण छापलं होतं. पण ते पुस्तक पुढे लोकांच्या नजरेआड गेलं. टिळकांनी ही वाट नव्याने खणली आणि तीही रोजच्या वापरातली केली. १९०९ पासून त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य ख्रिस्तायन लिहायला घेतलं. त्यांच्या हातून सुरुवातीचे काहीच अध्याय झाले. उरलेलं काव्य कुणी पुरं केलं असेल? शाळेचं तोंडही धड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी! १९३८ मध्ये ते ग्रंथरूपाने आलं.

घर की होस्टेल?

टिळकांच्या घराचं वर्णन वाचताना आपल्याला आपलं होस्टेलच आठवतं. अनाथ पोरं, शिकायला आलेले विद्यार्थी, वाट चुकलेले पाहुणे, कवी, बैरागी... कोण कधी येईल आणि किती दिवस राहील याचा नेम नाही. पगार महिन्याच्या सुरुवातीलाच संपलेला. आणि सगळ्यांना दोन वेळा जेवायला घालण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंची. आपल्या मेसच्या मावशींना विचारा, म्हणजे त्यात काय कष्ट असतात ते कळेल.

याच घरात बालकवी राहिले. १९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या लाजऱ्या मुलाने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. या मुलाचं गुण टिळकांनी ओळखलं आणि त्याला ते नगरला आपल्या घरी घेऊन आले. एक ख्रिस्ती पाळक आणि एक हिंदू मुलगा, पण घर एक, ताट एक, कविता एक. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि टिळकांनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. ज्याला आपण आज सर्वधर्मसमभाव म्हणून गॅदरिंगच्या नाटकात दाखवतो, तो त्या घरात रोजच्या जेवणाइतका साधा होता.

देवाचा दरबार

१९१२ पासून टिळक ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ मध्ये सुरू झालेलं हे मिशनचं पत्र त्यांनी अखेरपर्यंत सांभाळलं. पण मनाला चैन नव्हतं. हिंदुस्थानातल्या मंडळीने परदेशी पैशावर आणि परदेशी साहेबांच्या तंत्राने किती दिवस चालायचं? देशावर त्यांचं अतोनात प्रेम होतं आणि ख्रिस्ती माणूस हा इंग्रजांचा माणूस हे समीकरण त्यांना मनस्वी खुपायचं.

शेवटी १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला राहून देवाचा दरबार स्थापन केला. संन्याशाच्या वृत्तीने राहायचं, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सगळ्यांना एकत्र आणायचं, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो! पुन्हा वाचा... बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ज्या माणसाने एका बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावलं होतं, तोच आता म्हणत होता की दारावर उभं राहून कुणाची पावती तपासायची नाही. मंडळी म्हणजे नावांची यादी नव्हे, तर प्रेमाने एकत्र बसलेली माणसं. सगळ्यांना हे पटलं असं नाही. काहींना ते फार पुढचं वाटलं, काहींना धोक्याचं वाटलं. आजही यावर दोन मतं होऊ शकतील.

पण हा दरबार नीट उभा राहायच्या आतच शरीराने साथ सोडली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळकांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. जगताना जसं दोन्हीकडचं जपलं, तसंच जातानाही. लक्ष्मीबाई पुढे मुलाकडे कराचीला गेल्या आणि नवऱ्याच्या आठवणी लिहू लागल्या. त्याच त्यांच्या स्मृतिचित्रे. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र मराठीतलं एक अपूर्व पुस्तक आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या.

आपण काय घ्यायचं?

आता कुणी म्हणेल, इंजिनिअरिंगच्या पोरांना या सगळ्याचं काय? सबमिशन, व्हायवा आणि केटी यांतून वेळ कुठाय? पण मित्रांनो, घर सोडून होस्टेलला आलो तेव्हा आपणही एका नव्या मंडळीत आलो. एकाच मजल्यावर गणपतीची आरती होते, रमजानचे उपास धरले जातात, नाताळचा केक वाटला जातो आणि भीमजयंतीची वर्गणीही निघते. सण एकत्र करणं तसं सोपं आहे, कारण तो एक दिवसाचा मामला असतो. खरी परीक्षा असते रोजची. रूम पार्टनर निवडताना आपण आडनाव बघतो का? मेसमध्ये कोणाच्या टेबलावर जाऊन बसतो? कुणाच्या डब्यातलं खातो आणि कुणाच्या डब्यातलं खात नाही? कुणी आपली श्रद्धा बदलली, किंवा सोडली, तर त्याच्याशी बोलणं चालू ठेवतो की त्याला वाळीत टाकतो?

श्रद्धा ही प्रत्येकाची स्वतःची असते, तिथे कुणी कुणावर जबरदस्ती करू नये. टिळकांनी ती केली नाही, स्वतःच्या घरातसुद्धा नाही. पण श्रद्धा खरी की खोटी, हे देवळात किंवा चर्चमध्ये कळत नाही. ते पंगतीत कळतं. शिवाय आपल्या निर्णयाचा भार घरातल्या कोणावर पडतो आहे, हे पाहायलाही टिळकांचंच आयुष्य आपल्याला शिकवतं.

ठाणे जिल्ह्यापुरतं बोलायचं तर टिळकांनी रुजवलेलं हे झाड इथेही वाढलेलं दिसतं. पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्ञानोबा-तुकोबांबद्दल तितक्याच आपुलकीने बोलणारा हा धर्मगुरू २०२४ मध्ये आपल्यातून गेला. मराठी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. टिळकांना मात्र ते आयुष्यभर पटवून द्यावं लागलं, हिंदूंनाही आणि ख्रिस्त्यांनाही.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत हातात काही नसेल, तर गावच्या वाचनालयातून स्मृतिचित्रे आणा. टिळकांना देव मानून ते लिहिलेलं नाही. त्यात त्यांचा राग आहे, विसरभोळेपणा आहे, संसाराची झालेली ओढाताण आहे आणि पोट धरून हसावं असे प्रसंगही आहेत. चरित्र नायकाचं वाचावं, पण ते त्याच्या बायकोने लिहिलेलं असेल तर आधी वाचावं! काय, पटतंय ना?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)